चादरीचं चौथं टोक

वर्गातल्या पडद्यावर अल्फिया नदाफच्या नावाभोवती पिवळं वर्तुळ उमटलं आणि त्याखाली शब्द आला: गळती.

कुणी हसलं नाही. हसायची सोयच उरली नव्हती. आज तिच्या नावाखाली आलेला शब्द उद्या आपल्या नावाखाली येणार नाही, याची खात्री कुणाला होती? अल्फियानं पडद्याकडे पाहिलं, मग हेमांगी बिरनाळेकडे.

"मॅडम, गळती म्हणजे काय ओ? मी काय नळ आहे का?"

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगलीजवळच्या त्या नर्सिंग कॉलेजात ती कित्येक वर्षं शिकवत होती. या काळात तिनं मुलींना मठ्ठ म्हटलं होतं, धांदरट म्हटलं होतं, रागाच्या भरात एकदोघींना म्हैसही म्हटलं होतं. माणसाला शिवी द्यायची तर निदान जिवंत प्राण्याची द्यावी, एवढी रीत तिला ठाऊक होती. पाण्याच्या टाकीचा दोष पोरीच्या नावाला चिकटवायचं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"ते यंत्राचं म्हणणं आहे," ती म्हणाली. "माझं नाही. बस खाली."

यंत्राचं नाव 'ओघ'. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा ते आलं, आणि त्याच्याबरोबर कंपनीचा निनाद सबनीस आला. पोरगेला, गोड बोलणारा, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवणारा. त्यानं प्रत्येक मुलीच्या, आणि ट्यूटरच्याही, कपाळाला एक पट्टी बांधायला लावली. घामानं ओली झाली तरी चालणारी, टोपीखाली लपणारी, बोटभर रुंद.

पट्टीतून एक मंद, डोळ्यांना न दिसणारा उजेड कवटीच्या आत थोडासा शिरतो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं रक्त जास्त धावतं, आणि त्या रक्तात प्राणवायू किती आहे त्याप्रमाणे परतणारा उजेड बदलतो. इतकं तर जुनंच होतं. नवा शोध पुढचा. एकीनं दुसरीला काही समजावलं आणि दुसरीला ते खरोखर समजलं, तर सांगणारीच्या मेंदूतला चढउतार काही क्षणांनी ऐकणारीच्या मेंदूतही उमटतो. नुसती मान डोलावली तर उमटत नाही. म्हणजे कुणाचं कुणाला समजलं, हे परीक्षेवाचून कळायला लागलं. चढउतार आधी जिच्यात दिसला ती देणारी, मागून दिसला ती घेणारी. 'ओघ' देणारीकडून घेणारीकडे एक बाण काढायचं, आणि दिवसअखेर सगळ्या वर्गाचा नकाशा पडद्यावर यायचा.

शोध खरा होता. हेमांगीनं त्यावरचं सगळं वाचून काढलं होतं आणि तिला त्यात खोट दिसली नव्हती. खोट होती ती सबनीसच्या पुढच्या वाक्यात.

"शिकणं म्हणजे पाणी," तो म्हणाला होता. "पाणी वरून खाली वाहतं. वर्गात उगम कुठे आहे, प्रवाह कुठे आहे आणि गळती कुठे आहे, हे एकदा कळलं की थेंब वाया जात नाही."

"आणि जी प्रश्न विचारते, तिचं काय?" हेमांगीनं विचारलं होतं.

"ती खड्डा, मॅडम. पाणी तिच्याकडे जाणार. खड्डा भरला तर उत्तम. भरतच नसेल तर तिथे गळती आहे असं समजायचं."

प्राचार्य कवठेकर सरांनी टाळ्या वाजवल्या. सरांना उपमा फार आवडायच्या, विशेषतः दुसऱ्यानं दिलेल्या. उपमेचं काय आहे, ती तोंडात असते तोवर कुणाचं वाकडं करत नाही. जमली नाही तर माणूस दुसरी शोधतो. या लोकांनी उपमेचं यंत्र केलं होतं. आपण नुसती उपमा आहोत हे यंत्राला कोण सांगणार?

हेमांगीच्या वर्गात तोवर वेगळीच उपमा चालायची, आणि ती वॉर्डातून आलेली होती. रुग्णाला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर घ्यायचं तर त्याच्याखालच्या चादरीची चार टोकं चौघी धरतात. उचलण्याआधी एकजण विचारते, "पकडलं?" चौघींनी "पकडलं" म्हटल्याशिवाय चादर हलत नाही. एखादी म्हणाली, "थांबा, माझी पकड बसली नाही," तर बाकीच्या तिघी थांबतात. तिच्यावर कुणी खेकसत नाही, कारण त्या घटकेला रुग्णाला तीच वाचवत असते. आणि उचलून झाल्यावर कुणाच्या हाताला किती वजन आलं, असं विचारणाऱ्याला वॉर्डातून हाकलून द्यावं.

चौघींचा गट करून शिकायचं तेही असंच, हे ती पहिल्या दिवशी सांगायची. एक मुद्दा झाला की विचारायचं, "पकडलं?" एकीनं जरी नाही म्हटलं तरी पुढे जायचं नाही. तिची मुलगी मृण्मयी याच वर्गात होती, आणि तिच्या गटात सगळ्यात जास्त वेळा "नाही पकडलं" म्हणायची ती अल्फिया.

एकदा मृण्मयी सांगत होती की इन्सुलिन दिलं की साखर पेशीत जाते आणि रक्तातलं पोटॅशियमही कमी होतं. अल्फिया म्हणाली, "नाही पकडलं. साखर जाते ते ठीक. पोटॅशियम कशाला तिच्या मागं मागं जातंय?" मृण्मयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला पाठ होतं, माहीत नव्हतं. मग चौघी मिळून पुस्तकात शिरल्या, भांडल्या, कागदावर पेशी काढल्या, आणि तास संपताना चौघींनाही कळलं होतं. 'ओघ'नं तो तास कसा मांडला? मृण्मयीकडून अल्फियाकडे एक जाडजूड बाण. बस्स. सांगता सांगता मृण्मयीला जे उमगलं त्याला बाणच नव्हता.

"स्वतःकडून स्वतःकडे बाण कसा काढणार, मॅडम?" सबनीस हसून म्हणाला होता. "पाणी वर चढत नाही."

महिन्या-दोन महिन्यांत वर्ग शांत झाला. प्राचार्यांना ती शिस्त वाटली. हेमांगीला ते आजारपण वाटलं. "पकडलं?" असं विचारलं की चौघीही टाळी दिल्यासारख्या एका सुरात "पकडलं" म्हणायच्या. विचारलं की बाण आपल्याकडे वळतो, हे पोरींना कळून चुकलं होतं, आणि बाणांवर आता पुष्कळ काही ठरत होतं. जर्मनीतल्या रुग्णालयांच्या जागांसाठी नावं त्यावरून जाणार होती. ज्यांच्या नावाभोवती निळं वर्तुळ त्या 'उगम', आणि उगम मुलींना वॉर्डात इंजेक्शन देताना दुसरीकडून पडताळणी करून घ्यायची गरज नाही, असा कॉलेज आणि रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टनं नियमच केला. माणसं कमी, रुग्ण फार. वेळ वाचत होता.

मृण्मयी वर्गातली पहिली उगम ठरली. खोटं कशाला बोला, हेमांगीला बरं वाटलं. घरी जाताना तिनं पेढे घेतले. यंत्रावर राग होताच, पण पेढे खाताना तो राग कुठे गेला होता, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

अल्फियाची गळती तीनदा आली आणि तिला गटातून काढून 'सहाय्यक रांगे'त टाकलं. सहाय्यक रांगेनं खाटा आवरायच्या, ताप-नाडी बघायची, इंजेक्शनचे ट्रे लावून द्यायचे आणि बोलायचं नाही. हेमांगी प्राचार्यांकडे तावातावानं गेली.

"सर, ती मुलगी ढ नाही. ती विचारते."

"बिरनाळे मॅडम, विचारून विचारून किती विचारायचं? बाकीच्यांचा वेळ जातो."

"तिच्यामुळे बाकीच्यांना समजतं."

"तसं नकाशात दिसत नाही," सर म्हणाले, आणि चहा मागवला. हेमांगी चहा न घेता उठली. एवढंच काय ते तिचं बंड.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी स्त्रियांच्या वॉर्डात नाश्त्याआधीची इन्सुलिन द्यायची होती. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट, दुसरीत शंभर. सिरिंजही वेगवेगळ्या, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची केशरी. शंभरच्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये बाराच्या रेघेपर्यंत भरलं तर रुग्णाच्या अंगात बारा नाही, तीस युनिट जातात. दिसायला सगळं बरोबर. वॉर्डात नेहमी चाळीसच्याच बाटल्या असायच्या. आदल्या दिवशी कुणा दानशूरानं शंभरच्या दिल्या आणि त्या फ्रीजमध्ये जाऊन बसल्या.

ट्रे अल्फियानं लावला होता. खणात लाल टोपणाच्याच सिरिंज होत्या, त्या तिनं ठेवल्या. बाटली फ्रीजमधून मृण्मयीनं काढली, औषध मृण्मयीनं भरलं, चौगुले आज्जींना टोचलं मृण्मयीनं.

नाश्ता यायला उशीर झाला. शेजारची खाट आवरणाऱ्या अल्फियाला आज्जींच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले.

"आज्जी, थंडीत घाम कसला आलाय तुम्हाला?"

"गरगरतंय गं पोरी. हात बघ कसं कापाय लागलंत," आज्जी म्हणाल्या, आणि पुढचं त्यांचं बोलणं जड झालं.

अल्फियानं बोट टोचून साखर बघितली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडली. डॉक्टर धावले, शिरेतून ग्लुकोज गेलं, आज्जी दुपारपर्यंत शुद्धीवर आल्या आणि आपला चहा कुणी प्यायला म्हणून भांडायला लागल्या. जीव वाचला. पण जीव जायचाच काय तो राहिला होता, आणि ते झाकण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी मृण्मयी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. हेमांगी मेथी निवडत होती.

"आई, मला बाटली वेगळी वाटली होती."

हेमांगीनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हणजे लेबल नेहमीसारखं नव्हतं. मला एकदम असं वाटलं, की हे तपासावं. अल्फिया तिथंच होती, बाजूच्या खाटेशी. तिला विचारावं असं तोंडापर्यंत आलं होतं."

"मग?"

"मग काय! उगमनं गळतीला विचारायचं?" मृण्मयीचा आवाज चिरकला. "बाण उलटा आला असता, आई. जर्मनीची नावं पुढच्या आठवड्यात जायची आहेत. मी स्वतःलाच सांगितलं, तुला माहीत आहे, भर. आणि भरलं."

"कधीपासून विचारत नाहीस तू?"

"कोण विचारतं आता? कुणीच नाही." ती खाली बसली. "अल्फियाला विचारलं असतं ना, तरी तिनं उत्तर दिलं नसतं. ती उलट मलाच म्हणाली असती, 'अगं, सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे?' आणि मला दिसलं असतं."

हेमांगीला मुलीला थोबाडावं आणि छातीशी धरावं असं एकदमच वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. भाजी तशीच टाकून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. राग कुणाचा करावा, याची तिच्या मनात रांग लागली होती. सबनीस, कवठेकर, ट्रस्ट, बाटल्या देणारा तो पुण्यवान. मृण्मयीचं नाव त्या रांगेत कुठे उभं करायचं, हे तिला ठरवता येईना.

'ओघ'चा अहवाल दोन दिवसांनी आला आणि रांगेचा प्रश्न सुटला. अहवालात लिहिलं होतं की दोषाचा उगम अल्फिया नदाफ. चुकीची सिरिंज ट्रेमध्ये तिनं ठेवली. त्या वेळी जवळ असलेल्यांत तिची पातळी सगळ्यात खालची. तेव्हा चूक वरून खाली आलेली नसून खालून शिरलेली आहे.

"पाणी वर चढत नाही म्हणत होतात ना?" हेमांगी कवठेकरांना म्हणाली. "मग चूक बरी वर चढली?"

"मॅडम, शब्दांत पकडू नका. उद्या चौकशी समिती आहे. वॉर्डाच्या ट्यूटर म्हणून तुम्ही 'अहवाल मान्य' एवढंच म्हणायचं. त्या मुलीचं नाव कमी करू. प्रकरण मिटेल." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्याही घरचा प्रश्न आहे. मी काही न समजण्याइतका लहान नाही."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी ओढायला हेमांगीचा हात. अल्फियाचं नाव कमी झालं तर ती पुन्हा कुठल्याच कॉलेजात नर्स होऊ शकणार नव्हती. असं नाव एकदा कमी झालं की ते राज्यभर दिसतं. हेमांगी गप्प बसली नाही तर तेच मृण्मयीचं होणार होतं.

कोल्हापूरला बँकेत असलेल्या नवऱ्याला तिनं फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू गप्प बस. सिरिंज त्या पोरीनंच ठेवली होती की नाही?"

"टोचते ती जबाबदार. हे मी शिकवते."

"वर्गात शिकव. घरात आई हो."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हेमांगीनं फोन ठेवला. जेवताना मृण्मयी समोर बसली होती, ताटातला भात चिवडत. हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ठरवलेलं ढळलं असतं, अशी तिला भीती होती. काय ठरवलंय ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

समितीच्या खोलीत तिघं होते: कवठेकर, ट्रस्टचे एक विश्वस्त, आणि यंत्राची बाजू मांडायला सबनीस. कवठेकरांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"बिरनाळे मॅडम, मान्य?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "इन्सुलिन माझ्या मुलीनं भरलं, माझ्या मुलीनं टोचलं. बाटली वेगळी आहे अशी तिला शंका आली होती आणि तिनं ती गिळली. आणि ती गिळायला तुम्ही सगळ्यांनी शिकवलं."

विश्वस्तांनी कवठेकरांकडे पाहिलं.

"मॅडम, भावनेच्या भरात..." कवठेकर म्हणाले. "शंका आली होती हे सिद्ध कसं करणार?"

"मी नाही करणार. तो करेल." तिनं सबनीसकडे बोट केलं. "तुमच्या पट्टीला शंका दिसते का हो?"

सबनीस घुटमळला. "दिसते. म्हणजे, समोर दिसतंय आणि डोक्यात आहे ते जुळत नसेल तर कपाळामागे एक उसळी येते. ठळक असते. पण तिला दिशा नसते, मॅडम. बाण निघत नाही. म्हणून आम्ही ती गाळून टाकतो."

"गाळलेलं दाखवा."

त्यानं दाखवलं, दाखवायची त्यालाही उत्सुकता असावी. मृण्मयीची त्या सकाळची रेघ पडद्यावर आली. बाटली हातात घेतल्याच्या क्षणी एक उंच टोक, मग ते बळंच दाबल्यासारखी सपाट रेघ.

"आता सगळ्या वर्गाची. जूनपासून."

पडदा भरून गेला. जूनमधल्या उसळ्यांच्या मागोमाग प्रश्नांच्या खुणा होत्या. कुणीतरी विचारलं होतं, कुणीतरी सांगितलं होतं. नंतर प्रश्नांच्या खुणा विरळ झाल्या आणि संपल्या. उसळ्या तशाच होत्या. उलट वाढल्या होत्या. चाळीस पोरींना दिवसभर न कळणाऱ्या गोष्टी छळत होत्या आणि चाळीसही तोंडं बंद होती.

"बघा," हेमांगी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "हे तुमचं थेंब वाया न जाऊ देणं. वर्गात चार जणी चादर धरून उभ्या असतात हो. एकजण म्हणाली की माझी पकड बसली नाही, तर तुम्ही तिलाच बाजूला काढलंत. चौथं टोक सोडून दिलंत आणि उरलेल्या तिघींना सांगितलंत, तुम्ही ताकदवान आहात, उचला! आज्जी पडल्या तर दोष कुणाला? जिला हाकलली तिला! लाज वाटत नाही? तुम्हा लोकांना एक उपमा सुचली, ती आवडली, आणि तिच्यासाठी तुम्ही हाडामांसाच्या पोरी उतारावर लावल्यात. उपमा चुकली तर उपमा बदला ना! पोरी कशाला बदलता?"

विश्वस्त टेबलाकडे बघत राहिले. कवठेकरांनी पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवला. सबनीस मात्र अजून पडद्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे चमकत होते.

"मॅडम, हे फार मोलाचं आहे," तो म्हणाला. "न विचारलेली शंका! पुढच्या आवृत्तीत आपण हेच मोजू. जी शंका दाबेल तिच्या नावाला लाल वर्तुळ. दर शंकेमागे गुण वजा. मग बघा कशा विचारतात!"

भिंतीवर डोकं आपटण्यात निदान भिंतीला तरी काही कळल्यासारखा आवाज येतो. हेमांगीनं आपल्या कपाळावरची ट्यूटरची पट्टी ओढून काढली, टेबलावर टाकली आणि बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर एका टोकाला अल्फिया बसली होती, दुसऱ्या टोकाला मृण्मयी. दोघी कडक इस्त्रीच्या गणवेशात. हेमांगीच्या अंगातला ताप अजून उतरला नव्हता.

"अल्फिया, तुझं नाव कमी होत नाही," ती म्हणाली. "मी सगळं सांगितलंय आत."

अल्फियानं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काही सुटल्यासारखं दिसलं नाही. मृण्मयीनं वर पाहिलं.

"काय सांगितलंस?"

"खरं ते. तुला शंका आली होती, आणि तू विचारलं नाहीस."

"आई, मी इथं कशाला आले होते?"

"बोलावलं असेल ना तुला."

"कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून आले होते." मृण्मयी सावकाश बोलत होती, आणि त्या सावकाशीची हेमांगीला भीती वाटली. "हिला घेऊन आले होते. मीच सांगणार होते. काल दिवसभर वाक्यं जुळवत होते मी. जेवताना तुला सांगावं म्हटलं, तर तू माझ्याकडे बघेचनास."

"मृणू, मला वाटलं..."

"तुला वाटलं मी नाही सांगणार. तुझं तू ठरवून टाकलंस." तिचे डोळे भरले नव्हते, त्यात राग होता, आईच्याच जातीचा. "एकदा विचारायचंस ना. 'काय करणार आहेस तू?' एवढंच. सगळ्या जगाला विचारायला शिकवतेस. आता मी आत जाऊन काय सांगू? आता मी सापडलेली आहे. आपणहून सांगणारी नाही."

इतके दिवस पोसलेला राग हेमांगीच्या हातात तसाच होता, आणि तो आता कुणावर टाकायचा हे तिला कळेना. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला. मृण्मयी खांदा चोरून उठली.

शिपायानं दार उघडून विचारलं, "बिरनाळे मृण्मयी कोण? आत बोलावलंय."

मृण्मयीनं टोपी सारखी केली. दोन पावलं टाकून ती थांबली.

"मी येऊ का आत तुझ्याबरोबर?" अल्फियानं विचारलं.

"तू कशाला? तुझं सुटलंय की."

"ट्रे मी लावला होता. फ्रीजमध्ये नवी बाटली आलीय असं कानावर आलं होतं माझ्या. बाटली दाखव म्हणून तुला विचारणार होते." अल्फियानं पडलेल्या आवाजात सांगितलं. "पण म्हटलं, परत गळती येईल. भ्यायले गं मी पण."

मृण्मयीनं बाजूला सरकून तिला वाट दिली. मग म्हणाली, "ये."

दोघी आत गेल्या. हेमांगी त्यांच्यामागून दारापर्यंत गेली. शिपायानं हात आडवा केला.

"मॅडम, तुमचं झालंय की सांगून," तो म्हणाला. "बसा तुम्ही."

दार लागलं. आतून मृण्मयीचा आवाज येत होता, पण शब्द ऐकू येत नव्हते. हेमांगी बाकावर बसून राहिली.